दाद न देणारे जंतू आणि राबते हात

(शाळेच्या हीरक महोत्सवी वर्षात पालक-शिक्षक मेळाव्यात झालेले व्याख्यान)



मराठी घरात हात धुण्याचे शिक्षण शाळेच्या फार आधी सुरू होते. बाहेरून आलेल्याने हातपाय धुऊन मगच घरात वावरावे, पानावर बसण्यापूर्वी हात धुवावेत, जेवण झाल्यावर आचवावे, हे कोणत्याही पाठ्यपुस्तकाने शिकवलेले नाही. महाराष्ट्रापासून दूरच्या प्रांतांत स्थायिक झालेल्या कुटुंबांनी पुरणाचे यंत्र आणि ताम्हन यांच्याबरोबर या सवयीही आपल्यासोबत नेल्या आणि टिकवल्या. तेव्हा हीरक महोत्सवासारख्या प्रसंगी हात धुण्यावर व्याख्यान कशासाठी, असा प्रश्न कोणाच्या मनात उभा राहिला तर तो स्वाभाविक आहे.

त्याचे उत्तर असे, की या जुन्या सवयीला आता दोन नव्या गोष्टी येऊन मिळाल्या आहेत. पहिली गोष्ट म्हणजे औषधांना दाद न देणारे जंतू. दुसरी गोष्ट पहिलीइतकी कोणी बोलून दाखवत नाही. ती म्हणजे ज्या हातांनी हे जंतू अडवायचे, त्या हातांच्या कातडीची अवस्था. हात धुण्याचा उपदेश सर्वत्र होतो. धुऊन धुऊन फुटलेल्या हातांची चौकशी क्वचितच होते. वास्तविक या दोन गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या काढता येत नाहीत. जो हात दुखतो तो धुतला जात नाही, आणि जो धुतला जात नाही तो जंतूंचे वाहन बनतो. आजच्या विवेचनाचे सार एवढेच आहे. पुढे येणारा इतिहास आणि विज्ञान हे त्याच्या पुष्ट्यर्थ आहे.

१९२८ मध्ये लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयात अलेक्झांडर फ्लेमिंग यांना पेनिसिलिनचा शोध लागला. १९४५ मध्ये नोबेल पारितोषिकाच्या निमित्ताने केलेल्या भाषणात त्यांनीच एक इशारा देऊन ठेवला होता: औषध अपुऱ्या मात्रेत घेतले तर जंतू मरणार नाहीत, उलट त्या औषधाला सरावतील. हा इशारा खरा ठरण्यास फार वर्षे लागली नाहीत. पेनिसिलिनला न जुमानणाऱ्या स्टॅफिलोकॉकस जंतूंसाठी १९५९ मध्ये मेथिसिलिन हे नवे औषध आले, आणि १९६१ मध्ये त्यालाही दाद न देणारा त्याच जातीचा जंतू इंग्लंडमध्ये आढळला. तेव्हापासून ही शर्यत चालू आहे. नवे औषध बाजारात येण्यास वर्षानुवर्षे लागतात. जंतूची नवी पिढी अनुकूल परिस्थितीत अर्ध्या तासाच्या आत जन्माला येते.

जंतूंपाशी आणखी एक कसब आहे. औषधाला निष्प्रभ करण्याची युक्ती ज्या जनुकांत लिहिलेली असते, त्यांतील पुष्कळशी जनुके प्लास्मिड नावाच्या छोट्या वर्तुळाकार तुकड्यांवर असतात, आणि हे तुकडे एक जंतू दुसऱ्याला देऊ शकतो. परीक्षेच्या वर्गात एकाने उत्तराची चिठ्ठी लिहावी आणि ती बाकांखालून साऱ्या वर्गात फिरावी, तसा हा प्रकार आहे. अभ्यास एकाने केला, उत्तीर्ण मात्र सारे झाले. विशेष असे, की ही चिठ्ठी एका जातीचा जंतू दुसऱ्या जातीच्या जंतूलाही देऊ शकतो.

या साऱ्याचा परिणाम किती गंभीर आहे हे एका आकड्यावरून ध्यानात यावे. २०२२ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार २०१९ या एका वर्षात जगभरात सुमारे १२ लाख ७० हजार मृत्यू थेट औषधरोधी जंतुसंसर्गामुळे झाले. आपल्या देशाचे चित्रही चिंताजनक आहे. दिल्लीतील तीन मोठ्या रुग्णालयांत २०११ ते २०१४ या काळात अतिदक्षता कक्षात दाखल झालेल्या १३ हजारांहून अधिक नवजात बालकांचा अभ्यास करण्यात आला. रक्तातील जंतुसंसर्गाने आजारी पडलेल्या बालकांत जो जंतू सर्वाधिक सापडला त्याचे नाव ॲसिनेटोबॅक्टर. आणि त्याच्या १०० नमुन्यांपैकी ८२ नमुने अनेक औषधांना दाद न देणारे होते. ही बालके अवघ्या काही दिवसांची होती. त्यांनी आयुष्यात एकही गोळी चुकीची घेतलेली नव्हती. मग हे जंतू त्यांच्यापर्यंत आले कसे?

औषधरोधाची चर्चा बहुधा निम्मीच होते. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय प्रतिजैविके घेऊ नयेत, औषधे ठरवून दिल्याप्रमाणे घ्यावीत, हे सांगितले जाते आणि ते योग्यच आहे. औषधाच्या पट्टीवर उभी लाल रेघ असेल तर ते डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून घेऊ नये, ही मोहीमही भारत सरकारने २०१६ मध्ये सुरू केली. परंतु हा झाला जंतू कसा घडतो याचा विचार. घडलेला जंतू एका रुग्णाकडून दुसऱ्या रुग्णाकडे कसा जातो, हा प्रश्नाचा उरलेला अर्धा भाग होय. तो पलंगाच्या कठड्यावरून, सलाइनच्या नळीवरून, दाराच्या मुठीवरून जातो. आणि या सर्व ठिकाणांना एकमेकांशी जोडणारा सर्वांत मोठा दुवा म्हणजे माणसाचा हात.

ही गोष्ट वैद्यकशास्त्राला जंतूंचे ज्ञान होण्यापूर्वीच एका तरुण डॉक्टरच्या लक्षात आली होती. व्हिएन्नाच्या सार्वजनिक रुग्णालयात प्रसूतीचे दोन विभाग होते. पहिल्यात वैद्यकीय विद्यार्थी शिकत, दुसऱ्यात सुइणी. पहिल्या विभागात बाळंतरोगाने मरणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण दुसऱ्याच्या कितीतरी पट होते. ही गोष्ट शहरात इतकी सर्वश्रुत होती की स्त्रिया पहिल्या विभागात न पाठवण्याची गयावया करीत. इग्नाझ सेमेलवाइस हे तेथे साहाय्यक डॉक्टर होते. १८४७ मध्ये त्यांचे स्नेही प्राध्यापक याकोब कोलेच्का यांना शवविच्छेदन करताना सुरीची जखम झाली व त्यातच त्यांचा अंत झाला. त्यांच्या शरीरात दिसलेल्या खुणा बाळंतरोगाने गेलेल्या स्त्रियांच्या शरीरांतील खुणांसारख्याच होत्या. सेमेलवाइस यांना उलगडा झाला: विद्यार्थी शवविच्छेदनाच्या खोलीतून सरळ प्रसूतीच्या खोलीत येतात, आणि मृत्यूचे कारण त्यांच्या हातांवरून येते. मे महिन्याच्या मध्यापासून त्यांनी प्रत्येकाला क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्यात हात धुणे सक्तीचे केले. एप्रिलमध्ये त्या विभागात दर १०० बाळंतिणींमागे १८ मृत्यू झाले होते. जूनमध्ये हे प्रमाण सुमारे २ वर आले.

एवढा स्पष्ट पुरावा असूनही ही पद्धत सर्वमान्य झाली नाही. त्यामागे वरिष्ठांचा अहंकार होता, जुन्या सिद्धान्तांचा पगडा होता आणि स्वतः सेमेलवाइस यांचा तापट स्वभावही होता. या कारणांची चर्चा इतिहासकारांनी भरपूर केली आहे. पण एक साधी गोष्ट सहसा दुर्लक्षित राहते. क्लोरीनयुक्त चुना त्वचेला दाहक असतो. प्रत्येक तपासणीपूर्वी त्यात हात बुडवायचे म्हणजे दिवसाअखेर हातांची आग होणार. जीव वाचवणारा हा नियम पाळणाऱ्याच्या हातांना सोसणारा नव्हता. सेमेलवाइस यांचा १८६५ मध्ये एका मनोरुग्णालयात शोचनीय स्थितीत अंत झाला, आणि हातांच्या स्वच्छतेचा प्रश्न पुढच्या पिढीकडे गेला.

पुढच्या पिढीत घडलेली हकिकत या विषयाच्या दृष्टीने फार बोलकी आहे. अमेरिकेतील बाल्टिमोर येथे नव्याने सुरू झालेल्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात विल्यम हॅल्स्टेड हे नामवंत शल्यचिकित्सक काम करीत. त्या काळी शस्त्रक्रियेपूर्वी पाऱ्याच्या क्षाराचे द्रावण हातांसाठी वापरले जाई. त्यांच्या शस्त्रक्रियागृहातील प्रमुख परिचारिका कॅरोलिन हॅम्प्टन यांच्या हातांना १८८९-९० च्या हिवाळ्यात या द्रावणाने पुरळ उठले, त्वचा सोलली, आणि काम सोडण्याची वेळ येऊन ठेपली. इतकी कुशल सहकारी गमावणे हॅल्स्टेड यांना परवडणारे नव्हते. त्यांनी हातांचे साचे घेऊन गुडइयर रबर कंपनीकडून पातळ रबराचे हातमोजे करवून घेतले. हॅम्प्टन यांचे हात बरे झाले. पुढे दोघांचा विवाहही झाला.

हे हातमोजे रुग्णाला जंतूंपासून वाचवण्यासाठी जन्माला आले नव्हते. एका परिचारिकेच्या त्वचेला औषधापासून वाचवण्यासाठी ते बनले. त्यांची सोय पाहून इतरांनीही ते वापरण्यास आरंभ केला, आणि काही वर्षांनी, १८९९ मध्ये, त्याच रुग्णालयातील जोसेफ ब्लडगुड यांनी नोंदवले की सर्वांनी हातमोजे वापरू लागल्यापासून हर्नियाच्या शस्त्रक्रियांनंतर होणारा जंतुसंसर्ग कमालीचा घटला आहे. काम करणाऱ्या हातांची काळजी घेतली, आणि तिच्यातूनच रुग्णाचे संरक्षण साधले. हा क्रम लक्षात ठेवण्याजोगा आहे.

असे का घडते हे समजण्यासाठी त्वचेची रचना थोडक्यात पाहणे आवश्यक आहे. त्वचेचा सर्वांत वरचा थर एखाद्या भिंतीसारखा असतो. मृत, चपट्या पेशी म्हणजे विटा, आणि त्यांच्यामधील स्निग्ध द्रव्ये म्हणजे चुना. या भिंतीमुळे आतील ओलावा आत राहतो आणि बाहेरचे क्षोभक पदार्थ बाहेर राहतात. निरोगी त्वचा किंचित आम्लधर्मी असते, तर वडीचा साधा साबण अल्कधर्मी असतो. साबणाचे कामच मुळी तेलकटपणा काढण्याचे. तो मळाचे तेल आणि त्वचेचे तेल यांत भेद करत नाही. प्रत्येक धुण्यात भिंतीतला थोडा चुना वाहून जातो. दिवसातून सहा-आठ वेळा हात धुणाऱ्याची त्वचा ही झीज आपोआप भरून काढते. जिला चाळीस-पन्नास वेळा हात धुवावे लागतात तिच्या त्वचेला तेवढी उसंतच मिळत नाही. मग हात कोरडे पडतात, खरखरीत होतात, सांध्यांवर चिरा पडतात, खाज सुटते आणि कधी इसब होते.

हातांवर राहणारे जंतू दोन प्रकारचे असतात. काही त्वचेचे कायमचे रहिवासी; ते बहुधा निरुपद्रवी, किंबहुना उपकारकही असतात. दुसरे वाटसरू, ते स्पर्शातून येतात, स्पर्शातून जातात, आणि रोग पसरवण्यात प्रमुख वाटा त्यांचाच असतो. निरोगी त्वचेवरून वाटसरूंना घालवणे सोपे असते, कारण ते वरवर बसलेले असतात. भेगाळलेल्या त्वचेत मात्र त्यांना वस्तीला जागा मिळते. स्टॅफिलोकॉकस ऑरिअससारखे जंतू अशा हातांवर अधिक संख्येने आढळतात आणि धुऊनही सहज जात नाहीत. म्हणजे फुटलेल्या हातांनी दुहेरी हानी होते: जंतू अधिक राहतात, आणि आग होते म्हणून धुणेही टाळले जाते. हे दुष्टचक्र केवळ सूचनाफलक लावून तुटत नाही.

ते कसे तोडावे याचा एक धडा स्वित्झर्लंडमधील जिनिव्हा विद्यापीठ रुग्णालयाने घालून दिला. तेथील डॉक्टर दीदिए पिते आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रथम एक सरळ हिशेब मांडला. अतिदक्षता विभागात हात स्वच्छ करण्याचे प्रसंग तासाला २० च्या घरात जाऊ शकतात. नळापर्यंत जाणे, साबण लावणे, धुणे, पुसणे यांत किमान एक ते दीड मिनिट जाते. नियम काटेकोर पाळला तर परिचारिकेच्या तासातील वीस-तीस मिनिटे नळावरच जातील, आणि महिनाभरात तिच्या हातांची चाळण होईल. न पाळता येणारा नियम मोडला गेला तर तो केवळ मोडणाऱ्याचा दोष नव्हे. म्हणून त्यांनी औषधनिर्माते विल्यम ग्रिफिथ्स यांच्या सूत्रानुसार तयार केलेले, त्वचेला स्निग्धता देणारे घटक असलेले अल्कोहोलचे द्रावण प्रत्येक पलंगापाशी ठेवले. ते हातांवर चोळून वाळू देण्यास वीस ते तीस सेकंद पुरतात. १९९४ ते १९९७ या काळात हातांच्या स्वच्छतेचे पालन ४८ टक्क्यांवरून ६६ टक्क्यांवर गेले. रुग्णालयात राहून जडणाऱ्या जंतुसंसर्गाचे प्रमाण १६.९ टक्क्यांवरून ९.९ टक्क्यांवर उतरले. आणि मेथिसिलिनरोधी स्टॅफिलोकॉकसचा प्रसार निम्म्याहून कमी झाला.

जागतिक आरोग्य संघटनेने २००९ च्या मार्गदर्शक तत्त्वांत असे द्रावण स्थानिक पातळीवर तयार करण्याची कृती सर्वांसाठी खुली केली. तीत ८० टक्के इथेनॉल, अल्पसे हायड्रोजन पेरॉक्साइड आणि १.४५ टक्के ग्लिसरीन असते. जंतू मारण्याचे काम अल्कोहोलचे. ग्लिसरीन एकही जंतू मारत नाही. तरीही ते कृतीत आहे, ते केवळ हातांसाठी. हे दीड टक्काभर ग्लिसरीन नसते तर दहा दिवसांत ती बाटली भिंतीवरची शोभा होऊन राहिली असती.

येथे एका गैरसमजाचा उल्लेख करणे अगत्याचे आहे. सॅनिटायझर लावताच झोंबते, म्हणून ते त्वचेला वाईट आणि साबण चांगला, असे पुष्कळांना वाटते. वस्तुतः निरोगी त्वचेला ते झोंबत नाही. झोंबते तेव्हा त्वचा आधीच सोललेली असते, आणि बहुतेक वेळा ती साबण व गरम पाणी यांनीच सोललेली असते. हात दिसण्यात स्वच्छ असतील तेव्हा स्निग्ध घटक असलेले अल्कोहोल हे वारंवार साबण लावण्यापेक्षा त्वचेला सौम्य ठरते. मात्र हात मळलेले वा चिकट असतील, शौचाहून आल्यावर, जेवणापूर्वी, किंवा घरात जुलाब-उलट्यांची साथ असेल, तेव्हा साबण आणि पाणी यांना पर्याय नाही. जुलाबाचे काही विषाणू आणि काही जंतूंची बीजे अल्कोहोलला फारशी भीक घालत नाहीत.

साबण आणि अल्कोहोल यांचा एक मोठा गुण असा, की जंतू औषधरोधी आहे की नाही याची ते विचारपूस करत नाहीत. साबण जंतूला उचलून पाण्याबरोबर घालवतो. अल्कोहोल त्याचे वेष्टन आणि प्रथिने यांची नासाडी करते. ज्या जंतूपुढे महागडी प्रतिजैविके हतबल होतात, तो सहसा हातावरच्या या अर्ध्या मिनिटाच्या उपचाराने नाहीसा होतो. शरीरात शिरल्यावर जो असाध्य, तो हातावर असेपर्यंत सुसाध्य असतो.

आता घराघरांत उपयोगी पडेल असे काही. हात धुण्यासाठी कढत पाणी लागत नाही. ते जंतू अधिक घालवत नाही, त्वचेचे तेल मात्र नेते. साधे किंवा कोमट पाणी उत्तम. आधी हात ओले करावेत, मग साबण लावावा. बोटांची पेरे, बेचके, अंगठा, नखांचे कोपरे यांवर तो फिरवावा आणि पूर्ण धुऊन टाकावा. अंगठीखाली राहिलेला साबण हे अंगठीखालील खाजेचे नेहमीचे कारण असते. हात खसाखसा न पुसता टिपून कोरडे करावेत. ओल्या हातांवरून जंतू अधिक सहज पसरतात, म्हणून कोरडे करणे हा धुण्याचाच भाग समजावा. साबणाने धुतल्यावर लगेच सॅनिटायझर, किंवा सॅनिटायझरनंतर लगेच साबण, अशी दुहेरी शिक्षा त्वचेला देऊ नये. भांड्यांचा वा कपड्यांचा साबण हातांसाठी वापरू नये.

आणि धुतल्यानंतर स्निग्धता परत द्यावी. त्यासाठी महागडी क्रीमेच हवीत असे नाही. साधे पेट्रोलियम जेली, खोबरेल तेल, किंवा कोकणातील नातलगांकडून आजही अनेक घरांत येणारे कोकमतेल यांपैकी जे मानवेल ते चालते. थंडीत टाचांच्या भेगांना कोकमतेल लावणाऱ्या आजीला हातांच्या भेगाही ठाऊक होत्या. दोन पथ्ये मात्र सांभाळावीत. एकाच डबीत अनेकांनी बोटे बुडवू नयेत, आणि रबरी हातमोजे घालण्यापूर्वी तेल वा पेट्रोलियम जेली लावू नये, कारण त्यांनी रबर कमकुवत होते. रात्री निजण्यापूर्वीची वेळ यासाठी सर्वांत सोयीची.

‘जंतुनाशक’ असे ठळक छापलेल्या साबणांविषयीही स्पष्ट बोलले पाहिजे. कराचीतील गरीब वस्त्यांत झालेल्या आणि २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात साबणाने हात धुणाऱ्या घरांत पाच वर्षांखालील मुलांना होणारा न्यूमोनिया आणि पंधरा वर्षांखालील मुलांचे जुलाब सुमारे निम्म्यावर आले, त्वचेवरील पिकणारे फोडही एक तृतीयांशाने घटले. आणि साधा साबण व जंतुनाशक साबण यांच्या परिणामांत फरक आढळला नाही. २०१६ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ट्रायक्लोसानसह १९ जंतुनाशक द्रव्ये घरगुती साबणांत वापरण्यास मनाई केली, कारण ती साध्या साबणाहून सरस असल्याचे उत्पादकांना दाखवता आले नाही. साधा साबण पुरेसा आहे. कमी वासाचा, कमी रंगाचा असेल तर त्वचेसाठी अधिकच बरा.

याहून अधिक सावधगिरी मलमांच्या बाबतीत हवी. हाताला खाज सुटली की औषधाच्या दुकानातून एक नळी आणायची, ही आपल्या देशातील सर्वत्र दिसणारी सवय आहे. स्टेरॉइड, बुरशीनाशक आणि प्रतिजैविक अशी तीन औषधे एकत्र असलेली ही मलमे सुरुवातीला आराम देतात; नंतर त्वचा पातळ होते, आणि नायट्यासारखा पूर्वी सहज बरा होणारा विकार हट्टी बनतो. भारतातील त्वचारोगतज्ज्ञ गेली काही वर्षे या हट्टी नायट्याशी झगडत आहेत. साध्या स्निग्ध उपचाराने दोन आठवड्यांत हात सुधारले नाहीत तर डॉक्टरांना दाखवावे. दुकानदाराला विचारू नये.

हस्तस्वच्छतेची आणि सोवळ्याओवळ्याची गल्लत होऊ नये, हेही येथे सांगणे आवश्यक आहे. सोवळे माणसाकडे पाहत असे: कोणी शिवावे, कोणी शिवू नये. हातांची स्वच्छता क्षणाकडे पाहते: रुग्णाला स्पर्श करण्यापूर्वी, जखम वा नळी हाताळण्यापूर्वी, रक्त वा अन्य स्रावांशी संबंध आल्यावर, रुग्णाला स्पर्श केल्यानंतर, आणि त्याच्या भोवतालच्या वस्तूंना हात लावल्यानंतर. जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेले हे पाच क्षण प्रख्यात शल्यचिकित्सकाला आणि भेटीस आलेल्या मावशीला सारखेच लागू आहेत. नवजात बाळाला पाहायला जाताना खाऊ नेला नाही तरी चालेल, पण हात स्वच्छ केल्यावाचून बाळाला घेऊ नये. रुग्णाच्या नातेवाइकाने ‘सिस्टर, हातांना लावलेत का?’ असे नम्रपणे विचारणे हा उद्धटपणा नाही.

मात्र हे विचारताना त्या सिस्टरच्या हातांकडेही पाहावे. समाजात सर्वाधिक वेळा हात धुणारे लोक कोण आहेत? परिचारिका, आया, दाया, रुग्णालयातील सफाई कर्मचारी, स्वयंपाकघरात राबणाऱ्या स्त्रिया, चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बायका. यांतील बहुसंख्य स्त्रिया आहेत आणि त्यांच्यापैकी अनेकींचे पोट हातावर आहे. त्यांच्या हातांच्या चिरांना कोणी आजार म्हणत नाही. ‘कामाचे हात असेच असायचे’ म्हणून विषय मिटवला जातो. परंतु आतापर्यंतच्या विवेचनावरून हे स्पष्ट व्हावे, की त्या चिरा केवळ त्यांचे दुःख नव्हेत. त्या चिरांमधून जंतू साऱ्या वॉर्डात आणि साऱ्या घरात फिरतात. परिचारिकेला स्निग्ध मलम पुरवणे ही मेहेरबानी किंवा चैन नसून जंतुसंसर्ग रोखण्याच्या खर्चाचा भाग आहे, असे रुग्णालयांनी मानले पाहिजे. प्रतिजैविकाच्या एका महागड्या इंजेक्शनच्या किमतीत पुष्कळ दिवसांचे ग्लिसरीन येते.

हातांची स्वच्छता हा एकमेव उपाय आहे, असा दावा कोणी करू नये. लसीकरण, शुद्ध पाणी, सांडपाण्याची नीट व्यवस्था, पशुपालनातील औषधांवर नियंत्रण आणि डॉक्टरांचा विवेक यांच्याशिवाय औषधरोध आटोक्यात येणार नाही. पण या मोठ्या कामांपैकी बहुतेक कामे सरकार आणि संस्था यांच्या हाती आहेत; हातांचे काम ज्याच्या त्याच्या हाती आहे.

शाळेपुरते बोलायचे तर करण्याजोग्या गोष्टी फार खर्चाच्या नाहीत. प्रत्येक नळापाशी जाळीच्या पिशवीत टांगलेली साबणाची वडी असावी, म्हणजे ती पाण्यात विरघळणार नाही आणि हरवणारही नाही. एकच टॉवेल साऱ्या वर्गाने वापरण्याऐवजी प्रत्येक मुलाकडे हातांसाठी स्वतंत्र रुमाल असावा. डब्याच्या सुट्टीआधी पाच मिनिटे नळासाठी राखून ठेवावीत. घंटा होताच जेवायला बसवले तर हात धुण्याचा पाठ वहीतच राहतो. कोरड्या थंडीच्या दिवसांत ज्या मुलांचे हात फुटतात त्यांना रागे न भरता त्यांच्या पालकांना निरोप द्यावा. प्रथमोपचाराच्या कपाटात चिकटपट्टीशेजारी स्निग्ध मलमाची एक नळी असावी, आणि ती मुलांप्रमाणेच शाळेतील शिपाईमामा व सफाईच्या मावशी यांनाही वापरता यावी.

पालकांसाठी शेवटची विनंती तर याहूनही साधी आहे. आज घरी परतल्यावर घरात सर्वाधिक वेळा पाण्यात हात घालणारी व्यक्ती कोण, याचा विचार करावा. ती आई असेल, आजी असेल, पत्नी असेल किंवा कामाला येणाऱ्या ताई असतील. त्यांचे तळवे आणि बोटांची पेरे एकदा उजेडात पाहावीत. तेथे चिरा दिसल्या तर उद्याच्या वाणसामानाच्या यादीत साबणाखाली खोबरेलाची एक बाटली लिहावी, आणि ती त्यांच्यासाठी आहे हे त्यांना सांगावे.